बेळगावातला ओला कचरा: तुम्ही घरी काय करता?

वडगावची

नमस्कार मंडळी,

माझं माहेर वेंगुर्ला रोडला, उचगाव फाट्याच्या पुढं. सासर वडगावात, लग्नाला बावीस वर्षं झाली. पूर्वी माहेरी निघाले की हिंडलगा, सुळगा मागे पडलं की खिडकीतून ओल्या भाताचा वास यायचा. आता तुरमुरी जवळ आलं की गाडीतल्या बाया पदर नाकाला लावतात. आपल्या शहराचा कचरा तिथं जातो हे बेळगावात कुणाला ठाऊक नाही? मलाही होतं. पण मी कधी त्यावर विचार केला नव्हता.

गेल्या आषाढात भावाकडं गेले होते. वहिनीनं पानं वाढली आणि प्रत्येक ताटाशेजारी एकेक ताटली ठेवली. मला वाटलं चटणी-कोशिंबिरीला असेल. तर ती ताटली भाकरीवर उपडी घालून ठेवायची, घास मोडण्यापुरती उचलायची आणि परत झाकायची. माश्या! आठ वर्षांचा भाचा इतक्या सराईतपणे ते करत होता की मला घास गिळवेना. वहिनी म्हणाली, "पावसाळ्यात असंच असतंय ओ वन्सं, तुम्ही जेवा." आणि मला एकदम आठवलं, सकाळी घरातून निघताना रात्रीची आमटी, भात, आंब्याच्या साली आणि चहाचा चोथा मी एका काळ्या पिशवीत गाठ मारून गाडीवाल्याकडं दिला होता. माझी पिशवी आणि मी एकाच रस्त्यानं माहेरी आलो होतो.

परत आल्यावर स्प्रिंगचा काटा आणला आणि सात दिवस घरचा कचरा तोलला. आम्ही पाच माणसं. सात दिवसांत ओला ९ किलो २०० ग्रॅम, सुका २ किलो १०० ग्रॅम, आणि सॅनिटरी पॅड, औषधांच्या पट्ट्या, केरातली धूळ असं बाकीचं ८०० ग्रॅम. म्हणजे माणशी रोज साधारण ३५० ग्रॅम, आणि त्यात पाऊण हिश्श्याहून जास्त ओला! आंब्याचे दिवस संपत आले होते म्हणून ओला जास्त भरला असेल, एरवी आपल्याकडच्या शहरांत घरच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला असतो. आता हिशेब करा. २०११ च्या जनगणनेत बेळगाव पाच लाखाला थोडं कमी होतं. पाच लाख गुणिले ३५० ग्रॅम म्हणजे दिवसाला १७५ टन, आणि हे फक्त घराघरांतलं. हॉटेलं, बाजार, कार्यालयं त्यात धरलेलीच नाहीत. त्यानंतर अनगोळ-वडगावच्या मागची, कणबर्गीकडची किती भातशेतं लेआउट झाली ते आपण बघतोच आहोत.

तुरमुरीला जे छळतं ते मुख्यतः ओलं. सुकं प्लास्टिक नुसतं पडून राहतं. ओलं ढिगात दाबलं गेलं की हवा मिळत नाही, ते कुजून सडतं, मिथेन वायू आणि काळं पाणी सोडतं आणि माश्यांना घर देतं. मी दहा महिन्यांपासून ओला कचरा घराबाहेर दिलेला नाही. कसं करते ते खाली सविस्तर लिहीन. त्याआधी तुम्ही काय करता, कुठं अडतं, ते लिहा. बेळगावच्याच अडचणी हव्यात, आपला पाऊस आणि आपली घरं धरून.

शहापूरकर

ताई, तुमच्या वहिनीच्या ताटलीनं पोटात कालवलं.

माझी अडचण सरळ आहे. बायको दोन वर्षं हिरव्या डब्यात ओला, निळ्या डब्यात सुका ठेवत होती. मी पूर्वी ज्या गावात नोकरीला होतो तिथं एके दिवशी गाडीपाशी उभा राहून बघितलं. गाडीला दोन कप्पे होते, पण मधला पत्रा निखळलेला. आमचा ओला आणि सुका डोळ्यांदेखत एक झाला. घरी येऊन सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवसापासून एकच डबा ठेवायला लागली. मला तिला "चालू ठेव" म्हणायला तोंड राहिलं नाही.

वडगावची

दादा, वहिनींचं दुःख मी समजू शकते. म्हणूनच मी म्हणते की मिसळायला ओलं उरलंच नाही तर? तुमच्या घरातून फक्त कोरडा पुठ्ठा, बाटल्या आणि पिशव्या बाहेर गेल्या तर पत्रा असो वा नसो, त्या कोरड्याच राहतात. आमटीत भिजलेला पुठ्ठा भंगारवाला हातात धरत नाही. कोरडा असला तर दारावर येऊन पैसे देऊन नेतो.

नाल्याकाठी

ताई, बरं केलासा हा धागा काढून. मी शहापूर शिवारातला. बळ्ळारी नाल्याच्या कडंला दीड एकर भात हाय.

दर पावसाळ्यात नाल्याचं पाणी शेतात शिरतंय. शहापूर, वडगाव, येळ्ळूर, सगळ्या शिवारांचं हेच रडगाणं. नाल्यात गाळ हाय, जलपर्णी हाय, ते तर हायच. पण पाणी उतरल्यावर एकदा बांधावर येऊन उभं राहा. भाताच्या रोपांवर पांढऱ्या पिशव्या बसलेल्या असतात, लांबनं बगळे उतरल्यागत दिसतंय. जवळ गेलं की कळतंय. मग गुडघाभर चिखलात एकेक पिशवी वेचूची, रोप न मोडता. पिशवीखालचं रोप पिवळं पडलेलं असतंय.

उन्हाळ्यात कुळव मारताना दहा पावलांवर थांबून फासाला गुंडाळलेलं सोडवूचं. गेल्या साली एक अख्खी साडी निघाली. डायपर तर विचारू नका, पाणी पिऊन उशीएवढा होतंय.

ह्या जमिनीत बेळगावी बासमती होत होती. माझा आजा सांगायचा, भात शिजत असला की गल्लीला कळायचं.

एकच मागणं हाय. गाडी चुकली म्हणून पिशवी नाल्यात, गटारीत टाकू नका. सुका कचरा आठ दिवस घरात राहिला तरी नासत न्हाई. गटारीत टाकलेलं कुठं जात न्हाई, आमच्यात येतंय.

हिंदवाडी_निवृत्त

मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, आता वय ७६. माझं बालपण शहापुरात गेलं. साठच्या दशकात आमच्या घरातून "कचरा" म्हणून बाहेर काय जात होतं ते आठवून पाहिलं. किराणा रद्दीच्या पुड्यांत यायचा आणि ती पुडी बंबात जायची. तेलाला किटली, दुधाला लोटा, भाजीला बुट्टी. परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, उकिरडा होता. चुलीची राख, शेण, भाजीची देठं, पत्रावळी, सगळं त्यात. वैशाखात येळ्ळूरकडचा एक शेतकरी बैलगाडी घेऊन यायचा, उकिरडा खणून न्यायचा आणि सुगीला पायली-दोन पायल्या तांदूळ आईच्या पदरात घालायचा. पैशांचा व्यवहार मी कधी पाहिला नाही.

तो उकिरडा आम्हीच बुजवला. १९८० च्या सुमारास त्या जागेवर एक खोली काढली, भाड्यानं दिली. सगळ्या गल्लीनं तेच केलं. परडी गेली तेव्हा कचऱ्याचं काय करायचं हा प्रश्न आम्ही कुणीच विचारला नाही, आणि ज्यांनी विचारायला हवा होता त्यांत मीही होतो.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण अनेकांना वाटतं की वेगळं करणं ही मर्जीची गोष्ट आहे. बेंगळुरूच्या अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली शहरांच्या कचऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यातून २००० साली देशाला शहरी कचऱ्याचे पहिले नियम मिळाले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या जागी नवे आले. २०१६ च्या त्या नियमांनी ओला, सुका आणि घरातला घातक कचरा घरातच वेगळा करून देणं हे प्रत्येक घराचं कर्तव्य ठरवलं. उघड्यावर टाकणं, पुरणं, जाळणं, नाल्यात सोडणं याला मनाई आहे.

आणखी एक. आमच्या शेजारच्या पंचाहत्तरीच्या आजींना कन्नड वाचता येत नाही, आणि डब्यांवर "हसी कस" आणि "ओण कस" लिहिलेलं. हसी म्हणजे ओला, ओण म्हणजे सुका, कस म्हणजे कचरा. मी त्यांच्या हिरव्या डब्यावर भाजीच्या जुडीचं चित्र काढून दिलं आणि निळ्यावर बाटलीचं. त्या दिवसापासून चूक नाही. ज्यांच्या घरी वडीलधारे आहेत त्यांनी हे जरूर करावं. आपल्या गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी सगळं बोललं जातं, चित्र सगळ्यांना वाचता येतं.

मच्छे_रोड

सरांचं वाचून वाईट वाटलं, कारण आमच्या पिढीला परडं म्हणजे काय हेच माहीत नाही.

मी उद्यमबागेत कामाला, मच्छेच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. दोन खोल्या, बाल्कनी तीन फुटांची, त्यातली अर्धी वॉशिंग मशीननं व्यापलेली. बायकोही कामाला. आमच्याकडं गाडी रोज येत नाही आणि येते तेव्हा आम्ही दोघं शिफ्टला. मग रात्री जाताना रस्त्याकडेच्या रिकाम्या प्लॉटवर पिशवी टाकणारे आमच्याच बिल्डिंगमधले. "इल्ली कस हाकबेडी" (इथं कचरा टाकू नका) असा बोर्ड आहे आणि बरोबर त्याच्याच पायथ्याशी ढीग. मीही टाकलंय, खोटं कशाला सांगू. ताई, एवढ्या जागेत काही होतं का?

उचगाव_फाटा

मी त्याच बाजूचा. ताईंच्या भावाला बहुतेक ओळखतही असेन.

इथं बऱ्याच जणांना वाटतं की आमचा राग शहरावर आहे. तसं नाही. आमची पोरं बेळगावात शिकतात, आमची भाजी आणि रताळी बेळगावात विकली जातात, आजारी पडलो की तिथंच पळतो. आमच्या गावांनी इतक्या वर्षांत निवेदनं दिली, गाड्या अडवल्या, हे पेपरात सगळ्यांनी वाचलंय. ते आम्ही बघून घेऊ.

तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. पावसाळ्यात विहिरीचं पाणी काढलं की माझी आई आधी वास घेते, मग घागर भरते. माझं लग्न ठरत होतं तेव्हा पाहुणे आले, पोहे खाल्ले, अंगणात उभे राहिले, वारा इकडून होता. पुढं काही कळवलं नाही. कारण काय ते कुणी सांगितलं नाही, पण घरातल्या सगळ्यांना एकच वाटलं. (पुढं लग्न झालं, चंदगड तालुक्यातली मुलगी, समजून घेणारी आहे.)

ताईंनी दहा महिने ओला कचरा दिला नाही म्हणजे त्यांच्या पाच माणसांचे तीनशे-चारशे किलो आमच्याकडं आले नाहीत. आमच्यासाठी हे फार आहे.

मंगलकार्य

मी लग्नाच्या स्वयंपाकाची कामं घेते, पंधरा वर्षं झाली. सगळे घरच्या कचऱ्याचं लिहितायत, पण एका लग्नात सहाशे पानं उठली की दोन तासांत तुमच्या सगळ्या गल्लीचा आठवड्याचा ओला कचरा होतो. २०१६ च्या नियमांत दिवसाला १०० किलोवर कचरा करणारे मोठे उत्पादक धरले होते, त्यांनी ओला आपल्या आवारात जिरवायचा होता, शक्य तेवढा. बहुतेक यजमानांना हे माहीतच नसतं.

मी काय बदललं ते सांगते. पहिलं, वाढणारी पोरं. पूर्वी जिलेबी एकदम चार वाढायची, आता एक वाढून परत फिरायचं. नुसत्या याच्यानं पानातलं उष्टं निम्म्यावर आलं. दुसरं, केळीचं पान. पान गवळ्याच्या म्हशीला जातं, कागदी ताटाला आतून प्लास्टिकचा थर असतो, ते ना जनावराला ना खताला. तिसरं, पाण्याच्या चिमुकल्या बाटल्या बंद. मोठे जार आणि स्टीलचे पेले, धुवायला दोन बायका जास्त लावते, त्यांना रोजगार मिळतो. चौथं अजून जमलेलं नाही: एका कार्यालयमालकांच्या मागे लागले आहे की बायोगॅस बसवा. एक घनमीटर गॅस म्हणजे सिलिंडरचा चारशे-साडेचारशे ग्रॅम गॅस. ज्या उष्ट्याची विल्हेवाट लावायला ते पैसे मोजतात, त्यावर निदान चहाची शेगडी तरी चालेल.

लग्नसराई येते आहे. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी आचाऱ्याला हे आधी सांगा. आम्ही करायला तयार असतो, यजमान मागत नाहीत.

खासबाग

माझ्या घराशेजारी एक अक्का राहतात, पौरकार्मिक म्हणजे पालिकेच्या सफाई कामगार आहेत. तेवीस सप्टेंबरला आपल्या राज्यात पौरकार्मिक दिन होतो, त्या दिवशी फुलं मिळतात. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पिशवीत दाढीचं अर्धं ब्लेड होतं. पिशवी हातानं दाबली आणि ते अंगठ्याच्या मुळात शिरलं. सात टाके. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांना भाकरी थापता येत नव्हती, मी संध्याकाळी थापून देत होते. अंगठा अजून पुरता वाकत नाही.

तेव्हा तिसरी पिशवी विसरू नका. पॅड आणि डायपर जुन्या पेपरात घट्ट गुंडाळून त्यावर लाल पेननं मोठा ठिपका. बेंगळुरूत २०१५ च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर "दोन डबे, एक पिशवी" ही पद्धत लागू झाली, त्यातली एक पिशवी ही अशा कचऱ्यासाठीच. ब्लेड, सुया, फुटलेली काच वेगळ्या पत्र्याच्या डब्यात साठवा. माझा बोर्नव्हिटाचा जुना डबा आहे, वर्षात अर्धाही भरत नाही. मधुमेहाच्या सुया तर कधीच उघड्या देऊ नका.

वडगाव-खासबागच्या माग चालवणाऱ्या विणकरांनाही विनंती. सुताची गुंतवळ आणि कापडाच्या चिंध्या ओल्यात टाकू नका, कोरड्या ठेवल्या तर गादीवाले आणि गॅरेजवाले मागून नेतात.

सावंतवाडी_येऊनजाऊन

ताईंच्याच रस्त्यानं पुढं गेलात तर बाची सोडल्यावर शिनोळी, महाराष्ट्राची हद्द, आणि घाट उतरून शेवटी वेंगुर्ला. त्याच रस्त्याचं दुसरं टोक. तिथल्या नगरपरिषदेनं जुन्या डंपिंग ग्राउंडची बाग केली आहे, मी स्वतः जाऊन आलो. कचरा येतो तो दोनाच्या जागी वीस-बावीस प्रकारांत वेगळा होऊन. ओल्याचा बायोगॅस, पाल्यापाचोळ्याच्या जळणाच्या कांड्या, प्लास्टिकचे तुकडे करून डांबरात. उभं राहिलो तिथं वास नव्हता, आंब्याची झाडं होती.

गाव छोटं आहे, बेळगावशी बरोबरी होत नाही हे मान्य. पण तिथल्या बाईनं डब्यात जे टाकलं ते कचरा नेणाऱ्यानं तपासलं, मिसळलेलं परत केलं, हे रोज, वर्षानुवर्षं. आपल्या ५८ वॉर्डांपैकी एक वॉर्ड वेंगुर्ल्याएवढा मानून सुरू करता येईल. पाहायला जायचं असेल तर सकाळी निघून रात्री परत येता येतं.

वडगावची

सगळ्यांचे आभार. नाल्याकाठी दादा आणि उचगाव फाटा, तुमचं आमच्या ह्यांना वाचून दाखवलं.

आता मच्छे रोड, तुमच्यासाठी. रंगाचे वीस लिटरचे दोन रिकामे डबे घ्या, पेंटरकडं स्वस्तात मिळतात. चांगले धुवा. तापवलेल्या सळईनं बाजूंना बोटभर अंतरावर भोकं पाडा, तळाला पाच-सहा. खाली जुना ट्रे, त्यात विटेचे तुकडे, वर डबा. जागा दीड फूट लागते, मशीनवरही बसेल.

तळाला चार बोटं कोरडा पाचोळा. वर थोडं शेण ताकात कालवून शिंपडा, सुरुवातीला एकदाच. मग रोजचा ओला कचरा, बारीक करून, पाणी निथळून. आणि आता मुख्य गोष्ट: जेवढा ओला तेवढाच कोरडा, मापानं. भाजीची एक वाटी, पाचोळ्याची एक वाटी. माझं पहिलं खत इथंच फसलं. मी नुसतं ओलं टाकत गेले, सहाव्या दिवशी घरात असा वास सुटला की सासूबाईंनी डबा गच्चीवर काढायला लावला. ओल्यात नत्र जास्त, पाचोळ्यात कर्ब. एक भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब असं प्रमाण जिवाणूंना मानवतं. शिवाय पाचोळ्यानं आत हवा खेळती राहते. हवा आहे तोवर मातीचा वास येतो, हवा संपली की तुरमुरीचा.

बेळगावच्या पावसात पाचोळा कुठून आणायचा? जून ते सप्टेंबर सगळं भिजलेलं. मी शिमग्याच्या आसपास साठवते, त्या दिवसांत टिळकवाडी-कॅम्पमध्ये झाडाखाली ढीग असतात आणि लोक ते पेटवून देतात. चार पोती भरून ठेवली की पावसाळा निघतो. कमी पडलं तर भाताच्या गिरणीतलं तूस. तूस लवकर कुजत नाही, म्हणून निम्मं तूस, निम्मा वखारीतला भुसा. अंड्याचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून टाकले तरी चालतात.

ओल किती हवी? मूठभर उचलून दाबा. बोटांच्या फटीत ओल दिसली पाहिजे, थेंब गळता कामा नये. गळला तर आणखी कोरडं घाला. तीन दिवसांतून एकदा खालवर करा. एक डबा भरायला आम्हा पाच जणांना पंधरा दिवस लागतात कारण कचरा आतल्या आत बसत जातो. भरला की वर मातीचा थर देऊन बाजूला ठेवायचा आणि दुसरा सुरू. तुम्ही दोघंच, तुम्हाला दोन डबे पुरतात. आमच्याकडं चार आहेत. दीड ते दोन महिन्यांत काळं, भुरभुरीत, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास असलेलं खत. महिन्याला चाळून पाच-सहा किलो निघतं.

आणि तो रिकामा प्लॉट तुम्ही कबूल केलात, त्याबद्दल मनापासून बरं वाटलं. तुमची शिफ्ट संपते त्या वेळी शेजारचं कुणी घरी असतं का? सुक्याची पिशवी त्यांच्याकडं ठेवून गाडीला द्यायला सांगा, बदल्यात त्यांचा ओला तुमच्या डब्यात घ्या.

मच्छे_रोड

खालच्या काकू घरीच असतात. आज विचारतो. अळ्या झाल्या तर?

वडगावची

होतात. जाड, तपकिरी, चपट्या असल्या तर त्या काळ्या सैनिक माशीच्या, कचरा झपाट्यानं खातात, आणि ती माशी घरातल्या माश्यांसारखी अन्नावर बसत नाही. राहू द्या. फार झाल्या म्हणजे ओल जास्त झाली समजा, भुसा वाढवा. झाकणाखाली जुनी ओढणी बांधली तर माशी आत शिरत नाही.

शहापूरकर

आमच्यात रविवारी मटण, बुधवारी मासे. ते डब्यात?

वडगावची

माशांचे काटे आणि कोळंबीची सालं थोडी थोडी, मध्यभागी पुरून, वर भुशाचा जाड थर. मटणाची हाडं कुजायला फार वेळ घेतात आणि घुशींना बोलावतात, ती मी घालत नाही. उरलेलं तेलकट कालवणही नको. लिंबाच्या साली बेतानं. नारळाची करवंटी नाही, शेंडी मात्र पिंजून घाला.

हिंदवाडी_निवृत्त

गणपतीच्या निर्माल्याचं लिहायचं राहिलं. कपिलेश्वर तलाव आणि जक्कीनहोंड्यावर विसर्जनाच्या दिवशी दूर्वा, हार, केळीचे खांब यांचा खच पडतो. निर्माल्य पवित्र म्हणून डब्यात टाकायला लोक बिचकतात. मी आमच्या घरचं निर्माल्य गेली तीन वर्षं तुळशीच्या कुंडीखालच्या डब्यात घालतो आणि ते खत तुळशीलाच देतो. दोरा, थर्माकोल, जरीची झालर आधी काढावी. सुनेनं पहिल्यांदा विचारलं, चालतं का? मी म्हटलं, देवाचं होतं ते देवालाच गेलं.

शहापूरकर

बायकोला हा सगळा धागा वाचून दाखवला. निळा डबा माळ्यावरून खाली आलाय. हिरव्या डब्याला उद्या भोकं पाडतो.

नाल्याकाठी

ताई, तुमच्याकडं खत किती साठलंय? शहरवाले खत करतायत आणि टाकायला कुंड्या न्हाईत असं ऐकतोय. मी भाताच्या तरव्याला, म्हंजे रोपं करतो त्या वाफ्याला, घालून बघतो. दोन गुंठ्यांपुरतं मिळालं तरी बास.

वडगावची

तीन पोती आहेत दादा. आमच्या गल्लीत आता सात घरं करतात, सगळ्यांचं मिळून दहा-बारा होतील. शनिवारी बाजाराला येणार असाल तर वडगावात या, पोती दाराशी काढून ठेवते. पैसे नकोत.

नाल्याकाठी

शनिवारी टेम्पो घेऊन येतो. तेवढं बारीक चाळणीनं चाळून ठेवा. मागं एकांनी दिलं होतं त्यात साडीची पिन आणि दुधाच्या पिशवीचे कोपरे निघाले, तरव्यात अनवाणी उतरूचं असतंय. आणि पैसे नको म्हणू नका. सुगी झाली की तांदूळ आणून देतो, सरांच्या आईला देत होते तसं.

वडगावची

चाळते. कोपरे आमचेच असणार, पिशवी कापताना तुकडा सुटा करायचा नाही हे आज सातही घरांत सांगून येते. सकाळी नवाच्या आत या, नंतर मी माहेरी निघते आहे.